भातकापणीनंतरचा खेळ : शहापूर-मुरबाडचा कबड्डी हंगाम

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दोन तालुक्यांत कबड्डीचा हंगाम भाताच्या कापणीनंतर सुरू होतो आणि उन्हाळा टिपेला पोचला की संपतो. या हंगामाची आखणी कोणत्याही संघटनेने केलेली नाही, ती पावसाने केली. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात माणूस आणि जमीन दोन्ही भातात गुंतलेली असतात. पालापाचोळ्याचा राब भाजलेल्या जागेवर पेरणी, मग आवणी म्हणजे रोपांची लावणी, मग बेणणी म्हणजे निंदणी. दसऱ्याच्या आगेमागे हळवे म्हणजे लवकर तयार होणारे भात कापणीला येते, दिवाळीच्या सुमारास उशिरा तयार होणारे गरवे. झोडणी आटोपून दाणा घरात आला की खाचरे मोकळी होतात, आणि गावातल्या तरुणांचे हातही.

बहुतेक शेती एकपिकी असल्यामुळे ही मोकळीक पुढच्या पावसापर्यंत टिकते. या भागात कबड्डी रुजण्याचे पहिले कारण हेच. खेळाला साहित्य लागत नाही हे कारण नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण साहित्य न लागणारे खेळ अनेक आहेत. कबड्डीला जागाही थोडी लागते. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. डोंगरउतारावर बांध घालून पाडलेली लहान खाचरे क्रिकेटला पुरत नाहीत, कबड्डीला पुरतात. ते क्रीडांगण तयार करण्याचे ज्ञानही घरचेच होते. झोडणीसाठी खळे करताना जमीन खणायची, धसकटे आणि खडे वेचायचे, पाणी मारायचे, चोपून ती एकसारखी करायची आणि वरून शेणाने सारवायची, हे काम इथल्या प्रत्येक शेतकरी घराला येत होते. कबड्डीच्या जुन्या नियमांत क्रीडांगणाची जमीन सपाट आणि मऊ असावी, माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांची असावी, असे सांगितलेले होते. शहरातल्या मंडळांना त्यासाठी माती विकत आणून चाळावी लागे. खेड्यात खळ्याला वापरायची तीच रीत थोडी बदलली की क्रीडांगण उभे राही; फरक एवढाच की खळे टणक हवे आणि मैदान अंगावर पडले तरी न लागणारे.

खेळ स्वतः या हंगामापेक्षा खूप जुना आहे. महाराष्ट्रात तो हुतुतू म्हणून ओळखला जाई, बंगालमध्ये हाडुडु, तामिळनाडूत चेडुगुडु. मराठी संतवाङ्मयात हमामा आणि फुगडीबरोबर हुतुतूही रूपक म्हणून येतो, म्हणजे तो त्या काळी घरोघर माहीत होता. मात्र तो एकाच पद्धतीने खेळला जात नव्हता. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा आत येई. गामिनी प्रकारात एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजला जाई. गावागावात गड्यांची संख्या वेगळी, मैदानाचे माप वेगळे, दम कोणत्या शब्दाने घ्यायचा तेही वेगळे. अशा स्थितीत दोन गावांचा सामना ठरला की खेळ सुरू होण्याआधी नियमांवर बोलणी व्हायची.

नियमांची घडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बसू लागली. १९१८ पासूनच्या पाच वर्षांत सातारा, पुणे आणि बडोदा या ठिकाणी हुतुतूला लिखित चौकट मिळाली; बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये भरवलेली स्पर्धा या कामातला महत्त्वाचा टप्पा मानली जाते. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण परिषदेने पुढे या नियमांत दुरुस्त्या केल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत हा खेळही होता. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याला जागा मिळाली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. संजीवनी प्रकार सर्वमान्य झाला. सात गडी मैदानात, पूर्ण संघ बाद झाल्यास लोण आणि त्याचे दोन जादा गुण, ही आजची चौकट त्याच वाटेने आली.

महाराष्ट्रात या खेळाला संघटनेचा कणा दिला तो शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी. गावोगाव फिरून त्यांनी मंडळांना जिल्हा संघटनांशी आणि जिल्ह्यांना राज्य संघटनेशी जोडले, आणि पुढे हा खेळ आशियाई पातळीवर नेण्यात पुढाकार घेतला. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. शहापूर-मुरबाडमध्ये त्या दिवशी आवणी ऐन भरात असते आणि खेळणारे बहुतेक जण गुडघाभर चिखलात असतात. संघटनेचे वर्ष आणि गावचे वर्ष यांची सांधेजोड या भागात कधीच सहज झाली नाही, आणि इथल्या खेळाचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

मुंबईचा वाटा इथे मोठा आहे. गिरणगावात, लालबाग-परळ-दादर पट्ट्यात, कबड्डीची मंडळे चाळींच्या आधाराने वाढली आणि त्यांत कोकण आणि घाटावरून आलेले कामगार खेळत. कल्याणहून कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ मध्ये खुला झाला होता; त्यामुळे वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांच्या आसपासची गावे मुंबईशी रोजच्या येण्याजाण्याने बांधली गेली. मुरबाडला रेल्वे आली नाही, तिथला माणूस एसटीने कल्याण गाठत असे. गिरणीत किंवा कारखान्यात काम करून गावी परतणारा तरुण पगारासोबत शहरी मैदानातला खेळही घेऊन येई. साखळी धरून पकड कशी करायची, कोपऱ्यातल्या गड्याने घोट्यावर झेप कधी टाकायची, चढाईपटूने हूल देऊन मध्यरक्षकाला कसे पुढे खेचायचे, या गोष्टी पुस्तकातून नव्हे तर अशा माणसांकडून गावात आल्या. कबड्डीच्या जोरावर नोकरी मिळण्याची वाटही मुंबईनेच दाखवली. बँका, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने आपापले संघ बाळगत. एका चांगल्या चढाईपटूला शेताबाहेरचा कायमचा पगार मिळू शकतो हे दिसल्यावर गावातल्या खेळाकडे पाहण्याची घरच्यांची नजर बदलली. २००५ मध्ये राज्य सरकारने शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, तेव्हा त्या आशेला कागदोपत्री आधार मिळाला. त्याबरोबर प्रमाणपत्राचे मोलही वाढले, आणि प्रमाणपत्र गावच्या चषकाचे चालत नाही, मान्यताप्राप्त स्पर्धेचे लागते.

गावच्या हंगामाचा गाभा म्हणजे मंडळ आणि त्याची स्पर्धा. मंडळ म्हणजे एखाद्या गावाचे किंवा पाड्याचे तरुण, बहुतेकदा मारुतीच्या किंवा ग्रामदेवतेच्या नावाखाली एकत्र आलेले. तुळशीचे लग्न झाले की मैदान आखण्याची बोलणी सुरू होतात. पौषात थंडी पडते आणि जत्रा लागतात. मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा पौष पौर्णिमेला भरते. खांबलिंगेश्वराची ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी ओळखली जाते, बैल, घोंगड्या, शेतीची अवजारे यांची उलाढाल तिथे होते. तिच्यापासून पुढे गावोगावच्या जत्रा, माघातले उत्सव, महाशिवरात्र, शिमगा आणि हनुमान जयंती अशी सणांची ओळ लागते. स्पर्धा याच दिवसांना धरून ठेवल्या जातात, कारण तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुणे गावात असतात आणि मुंबईला कामाला गेलेले गडी सुट्टी काढून येतात.

दिवसा काम आणि रात्री सामने ही पद्धत जुनी आहे. वीज येण्याआधी गॅसबत्तीच्या उजेडात खेळ होई. वीज आल्यावर बांबूला दिवे लागले आणि पुढे प्रकाशझोतातले सामने हीच रीत झाली. स्पर्धा बाद पद्धतीची असते. प्रवेश फी भरलेल्या संघांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, एका रात्रीत अनेक सामने उरकायचे असल्याने डाव छोटे ठेवतात, आणि अंतिम सामना होईपर्यंत पहाट झालेली असते. जड शरीराच्या गड्यांनी सगळ्या स्पर्धा मारू नयेत म्हणून वजनी गट ठेवण्याची पद्धत आली. बाहेरून खेळाडू आणून संघ फुगवण्याला आळा बसावा म्हणून ‘एक गाव एक संघ’ अशी अट घालण्यात येऊ लागली. ही अट साधी वाटते, पण हंगामाचे स्वरूप जपण्यात तिचा वाटा मोठा आहे. ती नसेल तिथे दोन-तीन श्रीमंत संघ सगळे चषक नेतात आणि लहान पाड्यांचे संघ पुढच्या वर्षी नावच देत नाहीत.

या हंगामातून एक समाज मात्र सातत्याने बाहेर राहिला, आणि त्याची नोंद या खेळाच्या इतिहासात क्वचितच होते. शहापूर आणि मुरबाडमधली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्या पावसापर्यंत चालतात. आगाऊ घेतलेली उचल फेडायची असल्याने मधे परतता येत नाही. खेळाचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच. शेतकरी घरातला मुलगा ज्या महिन्यांत मोकळा असतो नेमक्या त्याच महिन्यांत कातकरी मुलगा गावात नसतो. त्यामुळे मंडळांच्या संघांत कुणबी, आगरी, कोळी, ठाकूर नावे दिसतात, कातकरी नावे कमी. अंगाने चपळ, डोंगर तुडवलेल्या या मुलांची खेळातली जागा कुणी हिरावून घेतली नाही, ती उचलीने अडवून ठेवली.

ही उणीव काही प्रमाणात आश्रमशाळांनी भरून काढली. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या कक्षेतल्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्पस्तर, विभागस्तर आणि राज्यस्तर अशा पायऱ्यांनी होतात. कबड्डी आणि खो-खो हे त्यांतले मुख्य सांघिक खेळ आहेत. निवासी शाळेत राहणारे मूल आईबापांबरोबर भट्टीवर जात नाही, शाळेच्या मैदानावर वर्षभर खेळते. मुलींच्या बाबतीत हा बदल आणखी मोठा आहे. गावच्या रात्रीच्या स्पर्धा पुरुषांच्या होत्या. मुली प्रेक्षकांत असत. आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि माध्यमिक विद्यालये यांनी मुलींना दिवसाउजेडी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, बारा मीटर बाय आठ मीटरचे त्यांचे स्वतःचे मैदान दिले. महिलांची कबड्डी २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत आली, पण या पाड्यांतल्या मुली त्याच्या बऱ्याच आधीपासून शाळेसाठी खेळत होत्या.

महाविद्यालयीन संघांचा इतिहास या सगळ्याच्या मानाने अलीकडचा. मुंबई विद्यापीठ १८५७ चे असले तरी या तालुक्यांतल्या मुलांना पदवीसाठी बराच काळ बाहेरच जावे लागे; कल्याणचे बिर्ला महाविद्यालयदेखील १९७२ मध्ये सुरू झाले. पुढे शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप व गोतीरामभाऊ पवार यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. पदवीचे शिक्षण एसटीच्या टप्प्यात आले, आणि त्याबरोबर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळण्याची संधीही.

इथे दोन हंगामांची गाठ पडते. विद्यापीठाच्या स्पर्धा परीक्षांच्या वेळापत्रकाला धरून पहिल्या सत्रात, म्हणजे बहुतांशी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात उरकल्या जातात. त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ हिवाळ्यात पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेसाठी पात्र ठरतात. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला वर्षातली सर्वांत महत्त्वाची स्पर्धा तेव्हा खेळावी लागते, जेव्हा गावचे मैदान पाण्याखाली असते आणि त्याचे स्वतःचे सहा-सात आठवडे शेतात गेलेले असतात. सराव जून-जुलैत हवा, आणि जून-जुलैत पेरणी-आवणी. सामना बाद पद्धतीचा असल्याने पहिल्याच फेरीत हरणारा संघ चाळीस मिनिटांत वर्षभरासाठी मोकळा होतो. मुंबई-ठाण्यातल्या महाविद्यालयांचे खेळाडू त्याच काळात बंदिस्त सभागृहात मॅटवर सराव करत असतात. कबड्डीत ग्रामीण मुले काटक म्हणून पुढे असतात, हे विधान सर्रास केले जाते. ऑगस्टमधल्या सामन्यात ते खरे ठरत नाही, आणि त्याचे कारण मुलांत नसून दिनदर्शिकेत आहे.

तरीही या महाविद्यालयांना संघ उभा करताना खेळाडू शून्यातून घडवावे लागले नाहीत. अमेरिकेत तिथल्या फुटबॉलच्या बाबतीत याच्या उलट घडले. तिथे ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना मानला जातो. खेळाचे नियम महाविद्यालयांनीच बनवले, प्रचंड मैदाने त्यांनीच बांधली आणि शरद ऋतूतल्या दर शनिवारी आसपासची गावे त्या मैदानाकडे लोटू लागली. व्यावसायिक संघ नंतर आले. शहापूर-मुरबाडमध्ये मैदान, प्रेक्षक, वैर आणि मैत्री हे सगळे गावच्या मंडळांकडे आधीपासून होते. महाविद्यालयाचा संघ म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले वयाच्या अटीत बसणारे गडी. उन्हाळ्यात चषकासाठी एकमेकांच्या पायाला मिठी मारणारे दोघे पावसाळ्यात एकाच साखळीत शेजारी उभे राहतात. मंडळांमंडळांतल्या ओळखी यामुळे दाट झाल्या, आणि तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा संघ निवडताना हे एकत्र खेळलेले गडी उपयोगी पडले. विद्यापीठाच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण ही आणखी एक ओढ होती. दिवसभर शेतात राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला त्या गुणांची किंमत कळत होती.

खेळाची जमीन बदलली तो बदल या भागाला सर्वांत जड गेला. एकविसाव्या शतकात अधिकृत स्पर्धा मातीवरून मॅटवर गेल्या. मातीत अनवाणी खेळलेल्या गड्याचा पाय मॅटवर वेगळा पडतो. तिथे बूट लागतात, वळताना पकड जास्त मिळते, गुडघ्यावरचा ताण वाढतो, आणि मातीत घसरत जाऊन मध्यरेषा गाठण्याचे जुने कसब निरुपयोगी होते. मॅटचा संच मंडळाच्या वर्गणीत बसत नाही. २६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तीस सेकंदांची चढाई आणि तिसऱ्या चढाईत गुण घेण्याची सक्ती घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर दिसली, आणि गावच्या स्पर्धांनी ते नियम लगेच उचलले. चढाईच्या वेळेवर लक्ष ठेवणारा माणूस आणि गुणफलक आता पाड्यावरच्या सामन्यातही असतो. जमीन मात्र अजून बहुतेक ठिकाणी मातीचीच आहे. काही जत्रांत भाड्याने मॅट आणून अंतिम सामने खेळवले जातात.

मातीच्या मैदानाला पाणी लागते, आणि इथे हंगामाचा शेवट ठरतो. सामन्याआधी पाणी शिंपडले नाही तर धूळ उडते आणि चढाईपटूचा दम धुळीने तुटतो. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणे आहेत, मुंबईला पिण्याचे पाणी याच तालुक्यातून जाते. तानसाचे धरण तर १८९२ पासून. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना मार्च उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. हंड्यासाठी रांग लागलेल्या पाड्यावर मैदान भिजवायला पाणी मागता येत नाही. म्हणून टंचाईच्या पाड्यांवरच्या स्पर्धा शिमग्याच्या आत आटोपतात, आणि नदी-कालव्याकाठच्या गावांचा हंगाम अक्षय्य तृतीयेपर्यंत लांबतो. त्यानंतर राब भाजणीची आणि घरे शाकारण्याची कामे निघतात, लग्नसराई असते, आणि मैदानावरच्या फक्कीच्या रेषा पुसल्या जातात.

संघटनेच्या पातळीवर या तालुक्यांची स्थिती अलीकडे पालटली आहे. जुना ठाणे जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंत पसरलेला होता आणि जिल्ह्याच्या एका संघात ठाणे शहराच्या बलाढ्य मंडळांपुढे पूर्वेकडच्या तालुक्यांतला खेळाडू क्वचित शिरत असे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. गेल्या काही वर्षांत राज्य अजिंक्यपद स्पर्धेत ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण असे वेगळे संघ उतरू लागले. शहापूर-मुरबाडच्या खेळाडूंची निवड चाचणीतली लढत आता ग्रामीण भागातल्याच संघांशी होते, आणि राज्य स्पर्धेत जाणाऱ्या बारा जणांच्या यादीत या दोन तालुक्यांतल्या गावांची नावे येण्याची वाट पूर्वीपेक्षा बरीच जवळची झाली आहे.